'काव्येतिहाससंग्रह' एका यादीत आणा : पुण्यातल्या ग्रंथालयांना आणि साहित्यसंस्थांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सार्वजनिक ग्रंथालये, साहित्यसंस्था आणि संशोधनसंस्था यांचे विश्वस्त, कार्यकारिणी सदस्य व ग्रंथपाल यांस

विषय : 'काव्येतिहाससंग्रह' आणि 'काव्यरत्नावली' या मासिकांचे शहरात विखुरलेले अंक एका यादीत आणून सर्वांना खुले करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. आपापल्या संग्रहात या दोन मासिकांचे नेमके कोणते अंक आहेत, हे आपण सर्वांनी मिळून एकाच यादीत नोंदवावे. त्या यादीवरून प्रत्येक अंकाची त्यातल्या त्यात शाबूत प्रत निवडावी, ती मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत स्कॅन करावी आणि कोणालाही शिफारसपत्र न मागता वाचता येईल अशी ठेवावी. मूळ अंक ज्याचा त्याच्याकडेच राहावा.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. जुन्या कवितेच्या नव्या आवृत्तीची प्रुफे समोर आली की एखाद्या ओळीपाशी अडायला होते. मात्रा भरत नाही, अन्वय लागत नाही, आणि ही ओळ आधी कुठे, कशी छापली होती ते पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो माग काढत गेले की बऱ्याचदा या दोन मासिकांपाशीच येऊन थांबावे लागते. आपल्यापैकी अनेकांच्या वाचनकक्षांत मी बसले आहे. वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे माझ्यासाठी उघडून देणारे, कमी माणसांत आणि कमी पगारात हा सगळा व्याप सांभाळणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. मला बोलायचे आहे ते संस्थांच्या धोरणाविषयी.

'काव्येतिहाससंग्रह' 1878 साली याच शहरात सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' तेव्हा चार वर्षांची होती. जुने मराठी आणि संस्कृत काव्य, तसेच मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने दर महिन्याला छापून लोकांच्या हाती द्यावीत, या कामात चिपळूणकरांसोबत काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक होते. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम त्यांना येऊन मिळाले. इतिहासाची बाजू सान्यांनी सांभाळली, काव्याची मोडकांनी. त्याच 1878 च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. अशा दिवसांत शिक्षणखात्यात नोकरी करणारी ही माणसे सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर, पेशवाईतली पत्रे आणि याद्या छापत होती आणि त्यांच्याच शेजारी जुन्या कवींचे काव्य ठेवत होती. हे काम दहाएक वर्षे चालले. मोडक तर ज्योतिषाचेही अभ्यासक. वेदांगज्योतिषावर मराठीत लिहिणारा माणूस जुन्या पोथ्यांतल्या पाठांवरही मेहनत घेत होता. ज्ञानाचे असे वेगवेगळे कप्पे त्या पिढीने केलेच नव्हते.

या मासिकातल्या इतिहासाला वारस मिळाले. त्यातली 'पत्रे यादी वगैरे' 1930 साली सरदेसाई, कुलकर्णी आणि काळे यांनी नव्याने संपादून छापली. बखरींच्या आवृत्त्या निघत राहिल्या. 1910 मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले आणि साधने गोळा करण्याचे काम कितीतरी पुढे गेले. काव्याच्या बाजूला असे घर मिळाले नाही. 1890 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखान्यातून 'काव्यसंग्रह' निघू लागला, वामन दाजी ओकांनी तो निष्ठेने चालवला, आणि जुन्या काव्याचे केंद्र तिकडे सरकले. शाळिग्रामांनी अॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने 1891 मध्ये पोवाडे छापले, त्यांचा उल्लेख आजही होतो. पण पुण्याच्या मासिकातला काव्यविभाग, त्यातल्या टीपा, पाठभेद आणि प्रस्तावना यांचा वाली कोण, हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे. इतिहासाचा अभ्यासक हे मासिक हक्काने मागतो. कवितेच्या अभ्यासकाला ते मागायचे असते हेच ठाऊक नसते, इतके ते नजरेआड झाले आहे.

दुसरे मासिक जळगावचे. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये 'काव्यरत्नावली' सुरू केली आणि फक्त कवितेला वाहिलेले मासिक जळगावसारख्या गावातून कित्येक दशके चालवून दाखवले. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या, पुढच्या पिढीच्याही आल्या. या मासिकाभोवती कवींचा एक गोतावळा तयार झाला. त्यातूनच 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, रेव्हरंड टिळक हजर होते, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या आतल्या मुलाने तिथे कविता म्हटली. 'बालकवी' हे नाव त्याला त्या सभेत मिळाले. संपादकाने वर्गणीदार जमवून चालवलेल्या मासिकाने एका भाषेला तिचा कवी ओळखून दिला, हे मला फार मोठे वाटते.

जळगावच्या मासिकासाठी पुण्याच्या संस्थांना साकडे का, असे कोणी विचारेल. त्या काळच्या पुणेकर वाचकांनी, वाचनालयांनी आणि शाळांनी ते मागवले, बांधून ठेवले आणि त्यातले काही खंड आजही आपल्या मांडण्यांवर आहेत, म्हणून. शिवाय केशवसुत न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी. त्यांच्या कविता त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आल्याच नाहीत. 1905 मध्ये ते गेले. हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कवितांचा संग्रह काढला तो 1917 साली. बालकवी 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, त्यांचाही संग्रह मागाहूनच आला. ज्या दोन कवींवाचून आधुनिक मराठी कवितेचा कोणताही अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्या दोघांनीही स्वतःच्या कवितेचे पुस्तक हातात घेतले नाही. ते जगले तेवढा काळ त्यांची कविता अंकांत होती : 'काव्यरत्नावली'त, 'करमणूक'मध्ये, 'मनोरंजन'मध्ये. 'तुतारी' 1893 ची. ती ज्यांनी त्या काळात पहिल्यांदा वाचली त्यांच्यासमोर केशवसुतांचा संग्रह नव्हता, एका कवीची एक सुटी कविता होती.

म्हणून संग्रह उपलब्ध आहे, मग अंक कशाला, हा प्रश्न मला मान्य नाही. संग्रह संपादकाच्या हातून येतो. कवितांचा क्रम तो ठरवतो, शीर्षके तो नीट करतो, कुठला पाठ घ्यायचा हे तोच निवडतो. अंकात कविता दुसऱ्या कोणाच्या कवितेशेजारी असते. वर आर्या, खाली श्लोक, पलीकडे शेक्सपिअरच्या एखाद्या उताऱ्याचे रूपांतर, आणि त्या गर्दीत एखादे सुनीत, म्हणजे चौदा ओळींची नव्या वळणाची कविता. त्या काळच्या वाचकाला नवे काय वाटले असेल, हे त्या शेजारामुळे कळते. एका अंकात किती जण अजून मोरोपंतांच्या वळणावर लिहीत होते आणि किती जण ते वळण सोडू पाहत होते, हे संग्रह वाचून कधीच कळणार नाही. अंकातच काही नावे अशी भेटतात की ज्यांचा संग्रह कधी निघालाच नाही. कोणी तालुक्याच्या गावचा शिक्षक, कोणी कारकून, कोणी नुसती आद्याक्षरे लिहून थांबलेला. त्यांच्यासाठी अंक हेच एकमेव पुस्तक आहे. तो गेला की ते गेले.

आता आपल्या कपाटांतल्या परिस्थितीविषयी. ती आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी एकत्र सांगितल्याशिवाय तिचे गांभीर्य कळत नाही.

जुन्या संग्रहमासिकांत एकेक ग्रंथ क्रमशः छापायची रीत होती. ग्रंथ पुरा झाला की वर्गणीदार त्याचे फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, सुटे करून वेगळे बांधून घेत. त्यामुळे मासिक म्हणून शोधायला गेले की अंक सापडत नाहीत आणि तेच पान दुसऱ्याच कोणत्या तरी ग्रंथाच्या नावाने, दुसऱ्या वर्गांकाखाली बसलेले असते. कधी तीन वेगळ्या वर्षांचे तुकडे एकाच पुठ्ठ्यात शिवलेले असतात आणि दाखल नोंदवहीत फक्त पहिल्या तुकड्याचे नाव असते. बांधणीवाल्याने मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात, कारण त्या काळी ती टाकाऊच समजली जात. वर्गणीचा दर, टपालहशील, पोच, संपादकाची विनवणी, छापखान्याचे नाव असला मजकूर बहुधा नेमक्या त्याच पानांवर असे. मासिक कसे जगले याचा सगळा पुरावा त्या काढून टाकलेल्या पानांत होता.

एका ग्रंथालयात मला पहिल्या वर्षाचे काही अंक मिळाले, दुसऱ्यात पुढचे, तिसऱ्यात मधलेच एक वर्ष, तेही शेवटची पाने नसलेले. या तिन्ही इमारती चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. तिघांनीही मला सांगितले की हा संच अपुरा आहे. एकमेकांकडे काय आहे याची विचारणा मात्र कोणीच कधी केलेली नव्हती. एका ठिकाणी अंक आहे, पण वाचायला द्यायचा नाही, झेरॉक्सला परवानगी नाही, मोबाइलने फोटो काढायचा नाही असे सांगितले गेले. अंक जपायचा म्हणून वाचकाच्या हाती द्यायचा नाही, हे मी समजू शकते. पण तो स्कॅनही करायचा नाही आणि वाचायलाही द्यायचा नाही, म्हणजे तो कपाटातच झिजू द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छपाईचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आला. त्याला शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी लावत. त्यातले आम्ल हळूहळू कागद खात राहते. पान तपकिरी होते, घडीवर तुटते, आणि मग उलटताना कोपरा हातात येतो. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाची पाने कसर रोखतील, आम्ल रोखू शकत नाहीत. दर पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढतो आणि ही क्रिया वेग घेते. पुण्याने पाण्याचा घाला एकदा पाहिलेला आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घराघरांतून पुस्तकांचे चिखल काढावे लागले. त्यात कोणाकोणाची बांधीव मासिके गेली याची नोंद कुठेही नाही. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकांतले उरलेसुरले रद्दीत गेले. घरोघरचे संच असे संपले आहेत. आता जे आहे ते आपल्याकडेच आहे.

आणि आपल्याकडेही ते निर्धोक नाही. ग्रंथालयाचा वर्ग आणि अनुदान ठरते ते पुस्तकांची संख्या, चालू नियतकालिके, सभासद, कामाचे तास यांवर. दीडशे वर्षांपूर्वीच्या अपुऱ्या अंकाने या हिशेबात काहीच भर पडत नाही. जागा मात्र तो अडवतो. मग कधी तरी निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून कायमची काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी होते, त्यात 'जीर्ण, अपूर्ण' असा शेरा पडतो आणि ठराव मंजूर होतो. मी कोणावर आरोप करत नाही. शेरा लिहिणाऱ्याला हे माहीतच नसते की आपल्याकडचा अपुरा खंड हाच शेजारच्या ग्रंथालयातल्या अपुऱ्या खंडाचा हरवलेला भाग आहे. सामायिक यादी असती तर ते त्याला दिसले असते. यादी आधी, स्कॅनिंग मागाहून, असा माझा आग्रह आहे तो यासाठी. यादी होईपर्यंत 1950 पूर्वीच्या कोणत्याही मराठी नियतकालिकाचे निर्लेखन करायचे नाही, एवढा ठराव तरी आपल्या पुढच्या बैठकीत मांडा, ही विनंती.

अशी यादी करणे अशक्य आहे असे म्हणू नये. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी छापील ग्रंथांची सूची केली, तीही संगणक नसताना, ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालून, हाताने टिपणे काढून. एका माणसाने संपूर्ण भाषेचे ग्रंथ मोजले. आपण इतक्या संस्था मिळून दोन मासिकांचे अंक मोजू शकतो. या यादीत वर्ष, अंक, महिना, पानांचे आकडे, मुखपृष्ठ आहे की नाही, कोणती पाने गहाळ आहेत आणि कोणत्या पुठ्ठ्यात काय काय शिवले आहे, इतके असले की पुरे.

स्कॅनिंगविषयी थोडेच सांगते. हे अंक सपाट काचेवर उलटे दाबून ठेवू नयेत, मणका तिथेच तुटतो. पुस्तक अर्धवट उघडे राहील असा पाळणा आणि वर कॅमेरा, अशी सोय शहरात काही ठिकाणी आहे, ती संस्थांनी एकमेकांना वापरू द्यावी. स्कॅन रंगीत हवे. काळ्यापांढऱ्यात पेन्सिलीच्या खुणा, शिक्के, फिकट झालेला अनुस्वार हे सगळे हरवते. फाटलेल्या पानाला सेलोटेप आणि जुन्या पानांना लॅमिनेशन, हे दोन्ही कृपा करून थांबवा. त्याने पान वाचत नाही, उलट कायमचे जाते.

स्कॅन झाल्यावर त्यातला मजकूर टाइप करून, शोधता येईल असा करायची वेळ येईल, तेव्हा माझ्या धंद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी कळकळीची विनंती आहे. जुन्या काव्याचे लेखन आजच्या नियमांनी 'शुद्ध' करू नये. 1962 च्या लेखननियमांनी शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ केले आणि अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. गद्याला ते चालते. मोरोपंतांची आर्या म्हणून आपण जे म्हणतो ती बहुतेक वेळा गीती असते, दोन्ही ओळींत तीस-तीस मात्रा. तिथे 'परि' हा दोन मात्रांचा शब्द 'परी' केला की ओळ एका मात्रेने फुगते. 'गति'चे 'गती', 'कवि'चे 'कवी' केले की तेच होते. छापताना सरसकट दीर्घ करून टाकलेली पाने माझ्या टेबलावर येतात. ती मोठ्याने वाचली की चाल ठेच लागल्यासारखी अडखळते, आणि वाचणारा मुलगा समजतो की कवीलाच वृत्त सांभाळता येत नव्हते. अनुस्वाराचेही तसेच. तो गेला की तृतीया की सप्तमी, एकवचन की अनेकवचन, हे पुष्कळदा कळेनासे होते. मोडकांनी जसे छापले तसेच, चुकीसकट, आधी उतरवावे. दुरुस्त्या तळटीपेत द्याव्यात. हीच शिस्त त्यांनीही पोथ्यांतल्या पाठभेदांच्या बाबतीत पाळायचा प्रयत्न केला होता.

हे वृत्ताचे वेड आजच्या काळात कशाला, असे वाटणाऱ्यांना मी टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या सभागृहाकडे बोट दाखवीन. ते माधवराव पटवर्धनांच्या नावाचे आहे. माधव जूलियन म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमले. ते स्वतः, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर आणि आणखी मित्र. एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या, तोंडावर टीका करायची आणि मिळून पुस्तक काढायचे, अशी ही मंडळी. त्यांचा 'किरण' त्याच वर्षी निघाला. यशवंत आणि गिरीश सभांतून कविता गात आणि लोक त्या ऐकायला गर्दी करत. टिंगलही झाली, कौतुकही झाले, पण कविता चार भिंतींबाहेर आली. याच मंडळातल्या माधवरावांनी मराठी वृत्तांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. शेकडो वृत्तांची उदाहरणे एका माणसाला समोर ठेवता आली, कारण त्याच्या आधीच्या दोन पिढ्यांनी जुने काव्य बाडांतून काढून छापून ठेवले होते. परशुरामपंत गोडबोल्यांचे 'नवनीत' 1854 चे, मग मोडक, मग ओक. ती साखळी नसती तर हा ग्रंथ झाला नसता, असे माझे ठाम मत आहे. रविकिरण मंडळाच्या सुरुवातीच्या पातळ पुस्तिकाही आता सहज मिळत नाहीत. सामायिक यादीत दुसऱ्या टप्प्यात त्यांनाही घ्यावे.

कायद्याची भीती बाळगू नये. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो. मोडक 1890 मध्ये गेले, साने 1927 मध्ये, केशवसुत आणि बालकवी त्याआधीच, माधव जूलियन 1939 मध्ये. या सगळ्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. गिरीश 1973 मध्ये आणि यशवंत 1985 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांचा हक्क अनुक्रमे 2033 आणि 2045 च्या अखेरपर्यंत राहील. तिथे वारसांची संमती घ्यावी लागेल आणि ती मागायला संकोच कशाला? शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर, आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यानेच दिलेली आहे.

पैशांचेही आता कारण राहिलेले नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी आपण सगळ्यांनी भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे मांडले. ते मांडताना ज्या संपादकांनी जुना मजकूर पोथ्यांतून काढून छापला, त्यांच्या मासिकांचे पूर्ण संच आपण दाखवू शकत नाही, हे बरे नाही. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकावर आणून सर्वांना खुले केलेच आहेत. अनेक संस्थांनी मिळून तयार केलेली यादी घेऊन गेलो तर मागणीला वजन येईल. प्रत्येकाने वेगवेगळे दार ठोठावले तर प्रत्येकाला वेगवेगळा नकार मिळतो.

आणखी एक सुचवते. 1867 च्या छापखाने आणि ग्रंथनोंदणीच्या कायद्याने प्रत्येक छापील मजकुराची प्रत सरकारजमा करावी लागे आणि मुंबई इलाख्यातल्या प्रकाशनांची तिमाही यादी सरकार छापत असे. तीत छापखाना, पाने, किंमत आणि किती प्रती काढल्या तो आकडासुद्धा असे. त्या याद्या आणि त्या काळची बरीच मराठी प्रकाशने लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या एकत्रित यादीत जे अंक कुठेच सापडणार नाहीत, त्यांची चौकशी तिथे करता येईल. पण आपल्या पेठांत छापलेले काय हरवले आहे, हे आपल्याला आधी कळायला हवे. नाहीतर लंडनला विचारायचे तरी काय?

संस्थांमधला मान, मालकी आणि जुने मतभेद आड येतात हे मला माहीत आहे. त्यासाठीच मूळ अंक हलवायचे नाहीत असे मी आधी म्हटले. स्कॅनवर प्रत्येक संस्थेचा शिक्का जसा आहे तसा दिसू द्यावा, कोणत्या अंकासाठी कोणाची प्रत वापरली ते पहिल्या पानावर लिहावे. ज्या संस्थेकडे एकच अंक आहे तिचेही नाव यादीत त्याच अक्षरात असावे. आणि वाचकाला 'संशोधक आहात का' असे विचारू नये. फडणीसांनी वर्गणीदाराला त्याची पात्रता विचारली नव्हती. दहावीत केशवसुत शिकणाऱ्या मुलीला ती कविता पहिल्यांदा छापली गेलेले पान मोबाइलवर पाहता आले, तर तिला कोणाच्या सहीची गरज पडू नये.

पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 पासून, पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून. एवढ्या वयाच्या संस्था एका शहरात असणे हे आपले भाग्य आहे. यांपैकी कोणत्याही एका संस्थेने पहिली बैठक बोलवावी. तिथे प्रत्येकाने आपली नियतकालिकांची दाखल नोंदवही घेऊन यावे, बाकी काही आणायची गरज नाही. नोंदी उतरवून घेण्याचे, पुठ्ठे उघडून आत काय शिवले आहे ते पाहण्याचे आणि पुढे मजकूर टाइप झाला की जुन्या लेखनाप्रमाणे त्याची प्रुफे तपासण्याचे काम मी आणि माझ्या व्यवसायातल्या काही मैत्रिणी विनामूल्य करू. बैठकीची तारीख पावसाळ्याआधीची ठेवावी. कपाटे उघडायची तर कोरडी हवा लागते.

आपली विनम्र,
एक मुद्रितशोधक
सदाशिव पेठ, पुणे